फर्स्टचा मान

"आमच्या तोंडातनं इंग्रजी काढून दाखव," आत्याबाई म्हणाल्या, "मग खुशाल जा नोकरीला. मी आडवी आले तर सोनाबाई नाव लावायची न्हाई."

मांडीवर सूप, सुपात गहू, आणि बोटं खडे वेचण्यात गुंतलेली. वर बघायचीसुद्धा त्यांना गरज वाटली नाही. मी मात्र चहाचा ट्रे हातात धरून तशीच उभी राहिले. समोर गल्लीतल्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यादेखत बोललेलं आता कुणालाच मागं घेता येणार नव्हतं, त्यांनाही आणि मलाही.

"सगळ्यांच्या तोंडातून?" मी विचारलं.

"पाचीजणींच्या. परदेशी बाईच्या म्होरं. एक जरी अडकली तरी पुन्हा नोकरीचं नाव काढायचं न्हाई. कबूल?"

"कबूल."

छबूताई चहा घेता घेता ठसकलीच. "अगं सोनाताई, माझ्या तोंडातनं मराठी धड निघत न्हाई म्हणून आमचं मालक रोज कावत्यात. आन् ही पोर इंग्रजी काढणार व्हय?"

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या मिरजेला सासूला आई म्हणायचे, ह्या गावात आत्याबाई. लग्नाला माझ्या वर्ष होत आलं होतं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, आणि तालुक्याच्या गावी नवीन निघालेल्या शाळेनं जूनपासून शिकवायला या म्हणून निरोप धाडला होता. ह्यांना सांगितलं, तर हे कारखान्यावरून दमून आलेले. सगळं नीट ऐकून घेतलं, "आईला विचार" म्हणाले आणि आंघोळीला गेले. अजूनही अवघड प्रसंगी हे आंघोळीलाच जातात. मामंजींनी तर घरातल्या गोष्टींवर मत देणं फार पूर्वीच सोडलं होतं. तेव्हा जे काय होतं ते आत्याबाईंच्या हातात होतं.

आणि त्याच आठवड्यात ती परदेशी पाहुणी उगवली. म्हणजे ती यायची होती, निरोप आला होता. आमच्या गल्लीतल्या पाच बायका उन्हाळ्यात मिळून कुरडया करायच्या आणि विकायच्या. एका संस्थेचे माने साहेब त्यांना गिऱ्हाईक मिळवून द्यायचे. ते म्हणाले, बाहेरदेशातल्या एक बाई बायकांची कामं बघत गावोगाव फिरताहेत, तुमच्याकडं आणतो, दोन-चार वाक्यं तुमच्यातल्या कुणी इंग्रजीत बोललं तर बहार येईल. त्यावरून विषय निघाला आणि आत्याबाईंनी पैज लावली.

मला पैज अवघड वाटलीच नाही. कुरडई म्हणजे काय, तर एकामागून एक करत जायची कामं. गहू भिजवा, रोज पाणी बदला, वाटा, गाळा, सत्त्व खाली बसू द्या, चीक शिजवा, सोऱ्यात भरा, घाला आणि वाळवा. आणि एकामागून एक होणाऱ्या गोष्टी सांगायला इंग्रजीत आयते शब्द आहेत: फर्स्ट, देन, नेक्स्ट, आफ्टर दॅट, फायनली. शब्द पाच, बायका पाच. एकेकीला एकेक शब्द आणि त्याच्यापुढं तीन-चार शब्दांची शेपटी. पोपटालासुद्धा जमेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या सोप्यात मी वर्ग भरवला.

"हे शब्द असे ओळीनं येतात," मी सांगायला लागले. "आधी फर्स्ट. म्हणजे पहिल्यांदा."

"पयला शबूद तो?" हौसाबाईंनी विचारलं.

"हो."

"मग तो माझा. फुडं बोल."

हौसाबाई म्हणजे आत्याबाईंच्या थोरल्या जाऊबाई. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. वाटण्या कधीच झालेल्या, पण मान काही वाटला गेला नव्हता, तो सगळा त्यांच्याकडंच राहिला होता. हळदीकुंकू आधी हौसाबाईंना, ओटी आधी हौसाबाईंना, पंगतीत पहिलं पान हौसाबाईंना. आत्याबाई सगळ्यांत धाकट्या. त्या वाढायच्या आणि मागाहून जेवायच्या.

पाच शब्द म्हटल्यावर बायकांनी तो कार्यक्रम आपल्या पद्धतीनं समजून घेतला. लग्नाआधी सांडग्यांचा मुहूर्त करतात, त्यात पाच सवाष्णी बसतात. पहिला सांडगा थोरलीनं घालायचा, मग मानाप्रमाणं बाकीच्यांनी. कुणी कुणाच्या आधी हात लावायचा नाही. ह्यांच्या लेखी हेही तसंच ठरलं. फर्स्ट हौसाबाईंचा झाला. देन छबूताईनं झडप घालून घेतला, कारण तो म्हणायला सोपा. नेक्स्ट शेवंता मावशींकडं गेला. आफ्टर दॅट लांबलचक, म्हणून तरण्या रत्नाच्या गळ्यात पडला. फायनली मी आधीपासूनच राखून ठेवला होता. तो मी आत्याबाईंना दिला. सोऱ्या त्यांच्या हातात असायचा, आणि त्यांच्यासारखी जाळीदार कुरडई पंचक्रोशीत कुणाला जमत नव्हती.

"बरं," आत्याबाई म्हणाल्या, आणि सोऱ्या धुवायला उठून गेल्या.

आठवड्याभरात शब्द गल्लीत मोकाट सुटले. नळावर हौसाबाई घागर घेऊन आल्या की रांगेतल्या बायकांना हातानं बाजूला सारायच्या. "फर्स्ट कुणाचं हाय? माझं हाय. सरका." छबूताईचं तर प्रत्येक वाक्य देननं सुरू व्हायला लागलं. "देन आमचं मालक म्हणलं, भाजीत मीठ न्हाई. देन मी म्हणलं, हातानं घ्या." तिच्या नवऱ्यानं एकदा मला वाटेत गाठून विचारलं की सूनबाई, हे देन औषधानं जाईल का.

खरी मजा पुढंच होती. एके दिवशी रत्ना म्हणता म्हणता चुकली. आफ्टर दॅटच्या जागी तिच्या तोंडून देन निघून गेला. छबूताई हातातली चाळण खाली ठेवून उभी राहिली.

"माझं देन का घेतलंस?"

"चुकून आलं वो, काकी."

"चुकून कसं येतं? मी तुझं आफ्टर दॅट घेते का कधी?"

मी समजवायला गेले, की शब्द सगळ्यांचेच असतात, कुणीही कुठलाही म्हणावा. पाचहीजणींनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मी गप्प बसले. शेवंता मावशी एरवी कुणाच्या अध्यात नसायच्या, त्यासुद्धा म्हणाल्या, "असं कसं, पोरी. दिलेला मान हाय. परत कसा घ्यायचा?"

चौघी पाठ करत होत्या. चूल फुंकताना, जनावरांना वैरण टाकताना पुटपुटत होत्या. एक आत्याबाईच काही तोंड उघडेनात.

"आत्याबाई, एकदा म्हणून तरी दाखवा. फायनली, वुई प्रेस अँड ड्राय."

"म्हणीन की त्या दिवशी. शेवटचंच हाय न्हवं? त्याला काय घाई?"

रोज हेच उत्तर. मी रात्री ह्यांना म्हणायची, तुमची आई मला मुद्दाम पाडणार बघा. हे कूस बदलायचे. मला तर आता ती शाळा डोळ्यांसमोर दिसायला लागली होती. फळा, खडू, बाकावरची मुलं, आणि सकाळची एसटी. मला ती नोकरी मनापासून हवी होती. मिरजेत मी पाच वर्षं कॉलेजात पुस्तकं वाचली होती ती काय फक्त कुरडया वाळत घालायला? असं मनात यायचं आणि मग रागानं चीक जोरजोरात घोटला जायचा. त्या वर्षीच्या कुरडया छान झाल्या म्हणतात.

पाहुणीचा दिवस उजाडला. चीक शिजवायला घेऊन मी बायकांना बोलवायला बाहेर पडले. आणि तिथं मी माती खाल्ली. मी आपली वाटेत येईल तसं घर घेत गेले. रत्नाचं घर कोपऱ्यावर, म्हणून तिला आधी सांगितलं. मग शेवंता मावशी, मग छबूताई. घरी परत आले तर चीक पातेल्याला लागायच्या बेतात. उलथनं हातात धरूनच मी भिंतीवरून हौसाबाईंना हाक मारली, "मोठ्या आत्याबाई, या हं, पाहुण्या येतीलच."

थोड्या वेळानं पलीकडून कडी लावल्याचा आवाज तेवढा आला.

चौघी जमल्या. अंगणात खाटेवर पांढरं धोतर अंथरलं, सोऱ्याला तेलाचं बोट लावलं, सगळं जिथल्या तिथं. हौसाबाईंचा पत्ता नाही. रत्ना जाऊन बघून आली.

"काकी रुसल्यात. दार लावून बसल्यात. म्हणत्यात, रत्नाला आधी आन् मला शेवटी, ते बी भिताडावरनं वरडून."

मी कपाळाला हात लावला. आत्याबाई शांतपणे चिकात मीठ घालत होत्या.

"आत्याबाई, तुम्ही मला आधी सांगायचं नाही का?"

"मला कुठं इचारलंस?" आत्याबाई म्हणाल्या. "बी.ए. झालेली बाई तू. मला वाटलं, ठावं असंल."

त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. मला वाटलं, झालं, ह्यांनी डाव साधला.

"मग आता? फर्स्ट कोण म्हणणार?" मी विचारलं. "छबूताई, तुम्ही म्हणा. नुसतं एक वाक्य."

छबूताईनं दोन्ही कानांना हात लावले. "मी न्हाई बाई. थोरलीचा मान. उद्या नळावर मला पाणी तरी भरू देतील का?"

"रत्ना?"

"नगं गं, वैनी. मला आधीच आधी बोलावलंस म्हणून शिव्या बसल्यात."

शेवंता मावशींनी तर विचारायच्या आतच मान हलवली. बरं, फर्स्ट सोडून देनपासून सुरुवात करा म्हटलं, तर छबूताई म्हणते, "फर्स्ट झाल्याबिगार देन कसं? मला येडी समजतील."

एवढ्यात माने साहेबांची जीप दारात थांबली. पाहुणीचं नाव इंग्रिड. उंच, हसरी, उन्हानं लालभडक झालेली. तिनं सगळ्यांना हात जोडले, गळ्यातला कॅमेरा सावरला आणि खाटेसमोर स्टूल टाकून बसली. माने साहेब माझ्याकडं बघायला लागले. मी आत्याबाईंकडं बघायला लागले. आत्याबाई आभाळाकडं बघायला लागल्या.

गळ्याशी आलं की माणसाला सुचतं. मी भिंतीजवळ सरकले आणि पलीकडं स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आत्याबाई, मोठ्या आत्याबाई काही येत नाहीत. आता फर्स्ट तुम्हीच म्हणा. आजपासून फर्स्ट तुमचा."

हे मी भिंतीला ऐकवत होते. पण ऐकलं आत्याबाईंनी. त्यांनी हातातलं उलथनं खाली ठेवलं. हात पदराला पुसले. पदर डोक्यावरून नीट घेतला आणि दोन पावलं पुढं आल्या. पाहुणीसमोर ताठ उभ्या राहिल्या आणि त्यांनी तोंड उघडलं. मी बघतच राहिले, कारण त्यांना ते वाक्य येत होतं. ओठ बरोबर हलत होते.

"फर्..."

"फर्स्ट!" भिंतीपलीकडून आरोळी आली, कडी निघाली, आणि हौसाबाई अंगणात घुसल्या. नवं लुगडं, नाकात नथ, कपाळाला आडवं कुंकू. म्हणजे बाई नटून-थटून दाराआडच बसल्या होत्या. त्यांनी आत्याबाईंना कोपरानं मागं सारलं आणि पाहुणीच्या पुढ्यात उभ्या राहून, एकेका शब्दावर मान हलवत, म्हणाल्या, "फर्स्ट, वुई सोक द व्हीट."

पाहुणीनं टाळ्या वाजवल्या. मला तर नाचावंसं वाटलं. आत्याबाई खाली मान घालून परत पातेल्याकडं गेल्या आणि उलथनं उचललं. त्या क्षणी मी त्यांच्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही.

"देन, वुई ग्राइंड इट," छबूताई ओरडली. घरातल्या देनचा सगळा जोर तिनं तिथं लावला.

शेवंता मावशी डोळे मिटून, आरती म्हणावी तशा म्हणाल्या, "नेक्स्ट, वुई स्ट्रेन इट."

"आफ्टर दॅट, वुई कुक इट," रत्नानं एका दमात म्हटलं आणि लाजून तोंडावर पदर घेतला.

राहिलं एकच वाक्य. आत्याबाईंनी सोऱ्या भरला, धोतरावर गरगर फिरवत एक कुरडई घातली, पांढरी, गोल, जाळीदार. पाहुणी वाकून बघत राहिली. दुसरी घातली. तिसरी घातली.

"आत्याबाई," मी हळूच म्हणाले. "फायनली."

चौथी कुरडई.

"आत्याबाई."

"मी न्हाई म्हणत," आत्याबाई म्हणाल्या.

पाहुणी हसतमुखानं वाट बघत होती. तिला वाटलं असावं, इथं वाक्यं अशीच सावकाश येतात. एक जरी अडकली तरी नोकरी नाही, असं ठरलं होतं, आणि अडकली होती तीच, जिनं ठरवलं होतं.

"काय गं सोने, चारचौघींत इज्जत घालवतीस?" हौसाबाई कडाडल्या. "परक्या मुलखातली बाई बसलीया म्होरं. पोरीची नोकरी घालवायला मुद्दाम गप बसलीस व्हय? मग ऐक. ह्या घरात फर्स्ट माझं हाय, मीच निकाल करते. फर्स्ट, ही वैजा नोकरीला जाईल. एक वरीस. मग बघू."

छबूताईला कुणी विचारलं नव्हतं, पण तिची पाळी आली होती. "देन, पहाटं उठून समद्यांच्या भाकरी थापून जाईल."

शेवंता मावशींनी घसा खाकरला. "नेक्स्ट, ऐतवारी अख्ख्या घराचं धुणं तिनंच धुवायचं."

"आफ्टर दॅट," रत्ना पदराआडून म्हणाली, "सांजचं आल्यावर म्हशीची धार काढायची. माझी सासू मला तेवढ्यावर माहेराला सोडती."

"हाऊ लव्हली," पाहुणी म्हणाली, आणि तिनं फोटो काढला.

चौघी माझ्या बाजूच्या होत्या आणि चौघींनी मिळून माझा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत भरून टाकला होता. हसावं की रडावं कळेना. तरी मी म्हटलं असतं, चालेल, सगळं करीन. पण सगळ्या माना आता आत्याबाईंकडं वळल्या होत्या. त्यांनी सोऱ्या खाली ठेवला.

"झालं चौघींचं?" त्या म्हणाल्या. "आता शेवटाला मला इचारताय. मला ठावंच हाय शेवट. जलम गेला माझा शेवटाला. ह्या घरात आले तवापास्नं समद्यांचं झाल्यावर उरलं तर माझं. जावांचं मी समजू शकते, त्या थोरल्या. पण सून तर माझी हाय न्हवं? माझ्या घरात वर्ग भरला, माझ्या सुनंनं शबूद वाटलं, आन् माझ्या वाटणीला आलं शेवटचं. थोरलीला फर्स्ट, रत्नीलासुदिक माझ्या आधी. आन् आज म्हणली, फर्स्ट तुमचा. मला वाटलं, खरंच दिला. तर तू मला गळाला लावून थोरलीला भाईर काढत हुतीस."

शेवटचं बोलताना त्यांचा आवाज फाटला. तीन आठवडे मी समजत होते की ह्यांना माझी नोकरी नको आहे. ह्यांना हवा होता तो पहिला शब्द, आणि तो त्यांनी कुणाला न सांगता पाठ केला होता. आणि आज तो त्यांच्या तोंडातून मीच काढून घेतला होता. मला इतकी शरम वाटली की पाहुणी, माने साहेब, नोकरी, सगळं बाजूला राहिलं.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. "आत्याबाई, आजचं माझं चुकलं. तुम्हाला पुढं करून मी डाव टाकला, ते वाईट केलं. पण फायनली मी तुम्हाला मागं टाकायला दिला नव्हता. तो सगळ्यांत मोठा म्हणून तुमच्यासाठी ठेवला होता."

"मला शेंडी लावू नको."

"शपथ. आता बघा, देवळात बैठक बसते. पहिल्यांदा कोण बोलतं?"

"कुणीबी. ज्याला दम निघत न्हाई त्यो."

"आणि शेवटी?"

आत्याबाई सोऱ्याला चिकटलेला चीक बोटानं खरवडायला लागल्या.

"शेवटी पाटील बोलतात," मी म्हणाले. "त्यांचं बोलणं झालं की उठायचं. आधी चौघं काय वाटेल ते बोलोत. ते ठेवायचं की मोडायचं, हे शेवटच्याच्या हातात. फायनली म्हणजे ते. मला वाटलं, ह्या घरात ते दुसऱ्या कुणाला द्यायचं? तोंडानं सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही."

आत्याबाईंनी माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. मी खोटं बोलते की काय हे त्या तपासत असाव्यात. मी खोटं बोलत नव्हते, ते त्यांना दिसलं असावं. मग त्यांची नजर हळूहळू हौसाबाईंकडं गेली.

"म्हंजे हिनं फर्स्ट म्हणून जे सांगितलं, ते मला मोडता येतं?"

"येतं."

"छबूचं बी?"

"सगळ्यांचं."

"आन् माझ्या म्होरं कोण बोलायचं न्हाई?"

"कुणी नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी आयुष्यात विसरणार नाही. लहान पोराला जत्रेत पहिल्यांदा घोड्यावर बसवल्यावर येतं तसं काहीतरी. त्यांनी तांब्या उचलला आणि वरून धार धरून सावकाश पाणी प्यायल्या. तांब्या जागेवर ठेवला. तोंड पुसलं. पाहुणीचा कॅमेरा तयार आहे ना, तेही बघून घेतलं. मग उभ्या राहिल्या.

"फायनली," आत्याबाई म्हणाल्या. स्पष्ट, ठणठणीत. माझ्या वर्गात पुढं इतकी वर्षं इतकी मुलं होऊन गेली, पण तो शब्द इतका चांगला कुणी म्हटला नाही. "एक वरीस न्हाई. तिला पायजे तितकी वरसं ती नोकरी करंल. थोरलीनं सांगितल्यालं मोडलं."

हौसाबाईंची नथ हलली. पण त्या काही बोलायच्या आत आत्याबाई छबूताईकडं वळल्या.

"फायनली, पहाटंच्या भाकरी ती थापणार न्हाई. भाकरी मी थापीन. मला अजून हात हायत. तुझं मोडलं, छबे."

"मोड की," छबूताई म्हणाली. ती तर हसूच आवरत नव्हती.

"फायनली, ऐतवारचं धुणं. ज्याचं त्यानं धुवायचं. शेवंते, वाईट वाटून घेऊ नको, पर मोडलं."

त्यांना आता थांबवत नव्हतं. त्यांनी रत्नाला शोधून काढलं. "आन् धार. धार माझा ल्योक काढंल. कारखान्यावरनं आला की लगीच आंघुळीला पळतो त्यो. आधी म्हस, मग आंघुळ. फायनली."

माने साहेब माझ्याकडं वाकून म्हणाले, "वहिनी, मॅडम विचारताहेत, ह्या बाई काय म्हणाल्या? एवढं मोठं वाक्य तुम्ही बसवलं होतं?"

मी पाहुणीकडं बघितलं. डोळे भरून आले होते आणि हसू फुटत होतं, दोन्ही एकदम. मी तिला इंग्रजीत सांगितलं, त्या म्हणताहेत की शेवटी कुरडई उन्हात चांगली कडक होऊ द्यायची, घाई करायची नाही. ती म्हणाली, फार सुंदर सांगितलं, आणि आत्याबाईंच्या हाताची कुरडई वाकून परत बघायला लागली.

हौसाबाईंना मात्र हे पचेना. एवढी वर्षं त्यांच्या शब्दावर कुणी शब्द चढवला नव्हता. नथ एका बाजूला सारून त्या पुढं आल्या.

"असं कसं मोडशील? फर्स्ट माझं हाय. मी अजून बोलणार हाय."

आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं त्यांना पाट सरकवला.

"बसा, जाऊबाई," त्या म्हणाल्या. "फायनलीच्या म्होरं काय बी नसतं. माझ्या सुनंला इचारा."